टपालतात्यांनी नेमलेला राखणदार

मंडळी, ऐका. आज पूर्वरंग लांबवत नाही. एकच प्रश्न विचारतो आणि आख्यानाला हात घालतो. राखणदार नेमला — म्हणजे राखण झाली का?

लगेच माना हलवू नका! प्रश्न पुरता ऐकायच्या आधी मान हलवणाऱ्यांची मला फार भीती वाटते. मागच्या खांबाशी बसलेले काका, तुम्ही तर डोळे मिटून हलवलीत!

आपल्याकडे गावोगावच्या शिवेवर राखणदार आहे. वर्षातून एकदा आपण त्याच्यापुढे नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो — बाबा रे, गुराढोरांवर, लेकराबाळांवर नजर ठेव. आणि घरी येतो. हलके होऊन येतो! आता मला सांगा, तो राखतो ते नेमकं काय? तुमच्या घरात जपण्यासारखं काय आहे, हे त्याला कोणी सांगितलं? त्याचं सोडा — तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

हं. आता कोणी मान हलवत नाही.

आख्यान पुराणातलं नाही. ह्यात राक्षस नाही, शाप नाही, उःशाप तर नाहीच. एक निवृत्त पोस्टमन, त्याची बायको आणि घरातला एक संगणक. हसलात? हसून घ्या. पुढे हसायला जागा फार नाही.

गाव कातळवणे. डोंगराच्या कुशीत नऊ वाड्या, वर सडा — नुसता काळा कातळ — आणि खाली चौदा विहिरी. ह्या गावात केशव शिवगण नावाचे पोस्टमन होते. सगळे त्यांना टपालतात्या म्हणत. नऊ वाड्यांचं टपाल रोज पायी वाटायचं. पत्र ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, शेजाऱ्याच्या नाही, ओटीवर टाकून यायचं नाही. असा माणूस!

नोकरीतल्या एका उन्हाळ्यात तात्या एका वाडीत पाणी प्यायला थांबले. विहिरीवरच्या बाई म्हणाल्या, गेल्या सालापेक्षा पाणी खाली गेलंय. तात्यांनी विचारलं, किती खाली? बाईंनी दोर उचलून दाखवला — एवढा जास्त लागतो. तात्यांना ते पटलं नाही. हा काय हिशेब झाला? एवढा म्हणजे केवढा? मोजायचं तर फुटात, इंचात, तारखेसह.

मंडळी, तो दोर तिथेच ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

तात्यांनी सुतळी घेतली, दर फुटाला गाठ मारली, टोकाला मासेमारीच्या जाळ्याचा शिशाचा गोळा बांधला. दर पौर्णिमेला आणि दर अमावस्येला, टपाल वाटता वाटता, चौदा विहिरींत गोळा सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो. किती वर्षं? बावीस! अधिक महिने धरून पाचशे चव्वेचाळीस वेळा. गुणिले चौदा. सात हजार सहाशे सोळा आकडे! कशासाठी? कोणी सांगितलं नव्हतं. पगारात ते काम नव्हतं. लोक चेष्टा करायचे — तात्या, विहिरीला कोणाचं पत्र आलंय का?

आणि मग सड्यावर खडीची खाण आली. मोजणीच्या चौदाव्या वर्षी. रोज दुपारी एक वाजता भोंगा, मग सुरुंग. भांडी हलायची, भिंतींना चिरा जायच्या, ते डोळ्यांना दिसायचं. कातळाच्या पोटात काय हललं ते दिसायचं नाही. ते दिसत होतं फक्त एका जागी. तात्यांच्या वहीत!

तात्या निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पुतणीने, अक्षताने, आपला जुना संगणक पुण्याहून आणून दिला. मुलगी हुशार. तिने एक तक्ता करून दिला — डाव्या हाताला तारखा, वर चौदा विहिरींची नावं, आणि कोपऱ्यात एक बटण. आकडे भरायचे, बटण दाबायचं, की पडद्यावर रेघ उमटते! तात्यांनी एका बोटाने वर्षभर बसून सगळ्या वह्यांमधले आकडे त्यात घातले. आणि ज्या दिवशी शेवटचा आकडा घातला त्या दिवशी बटण दाबलं.

तेरा वर्षं रेघ सरळ. उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर, पण दर वर्षी जागच्या जागी. आणि खाण सुरू झाली तिथून — जिना! एकेक पायरी खाली उतरणारा जिना. चौदाच्या चौदा विहिरींचा.

तात्यांनी बायकोला हाक मारली. सुभद्राकाकी पदराला हात पुसत आल्या, रेघ पाहिली आणि म्हणाल्या, "हे मला माहीत आहे." आणि चुलीकडे गेल्या. तात्यांना वाटलं, हिला रेघ कळली नाही.

आता वह्यांचं काय? अकरा वह्या. कडा झिजलेल्या, घामाने भिजून वाळलेल्या. रद्दीत घालायला तात्यांचं मन होईना. आपल्याकडे जुनी, झिजलेली पोथी आपण काय करतो? पाण्यात सोडतो. तात्यांनी अकरा वह्यांना हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि खाडीत नेऊन सोडल्या. हात जोडले. पाण्याचे आकडे पाण्याला दिले!

किती सुंदर वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं. तात्यांनी स्वतः मला हे सांगितलं तेव्हा मी वाहवा म्हणणार होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्यातल्या तारखा आणि वेळा तात्यांच्याच आहेत, मी एकही पदरची घातलेली नाही. एप्रिलच्या आठ तारखेला, सोमवारी, ग्रामपंचायतीला नोटीस आली. खाणीला आणखी पाच वर्षांची परवानगी हवी आहे, गावाची हरकत असेल तर बावीस तारखेला प्रांतसाहेबांसमोर पुराव्यासह मांडावी. गावाला आनंद झाला! पुरावा कुठे आहे? टपालतात्यांच्या संगणकात! जो तो येऊन संगणकाला हात जोडून जाऊ लागला. एकाने तर हार आणला. तात्यांनी तो परत पाठवला.

आणि नेमकं नऊ तारखेला काय झालं? शेजारच्या गावच्या पंचायतीतला संगणक व्हायरसने बसला. रात्रीत सगळ्या फायलींची नावं बदलली, एकही उघडेना. बातमी कातळवण्यात आली आणि तात्या घाईने संगणकापाशी गेले. बावीस वर्षं ह्या डब्यात आहेत. ह्याला राखण कोणाची?

व्हायरसला अडवणारा जो असतो तो अँटिव्हायरस. त्यालाच मी राखणदार म्हणतोय. आता राखणदार निवडायचा कसा? तात्यांनी तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. अक्षता फोनवर म्हणाली, काका, तुमच्या संगणकात आधीपासूनच एक आहे, चांगला आहे, तो तसाच चालू राहू द्या. आणि फाइलची एक प्रत मला आजच्या आज पाठवा. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, इंटरनेटवर एक फुकट मिळतो, आम्ही तोच वापरतो. तालुक्याचा दुकानदार म्हणाला, फुकटचा पहारेकरी जागा राहील काय? हा घ्या, खोक्यातला, वर वाघाचं चित्र!

वाघाचं चित्र, मंडळी! तुम्ही काय घेतलं असतं? खरं सांगा!

तात्यांनी काहीच घेतलं नाही. अक्षताला प्रतही पाठवली नाही. तिला म्हणाले, आधी सगळे आकडे एकदा नजरेखालून घालतो, न तपासता टपाल सोडायचं नसतं. आणि राखणदाराचं म्हणशील तर देवीला विचारतो.

कातळवण्याची ग्रामदेवी नवलाई. तिचा कौल पंचक्रोशीत मानतात. बी कधी पेरायचं, मुलगी कुठे द्यायची, गाय विकायची की ठेवायची — सगळं देवीला विचारून. गुरव देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालतो. जी कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. आपल्याकडेही हेच आहे, तुम्हाला मी काय सांगायचं!

गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी तात्या टेकडीवरच्या देवळात गेले. बाबी गुरव म्हणजे भला माणूस. पण त्याला अडचण पडली. म्हणाला, "तात्या, कळ्या दोन. तुमची नावं तीन. तिसरं कुठे लावू?"

तात्या विचारात पडले. मग दोघांनी मिळून एक नाव गाळलं. कोणतं? संगणकात आधीपासून होता तो! का गाळलं? बाबी गुरव जे बोलला ते वाक्य तात्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं आणि मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. बाबी म्हणाला, "तो काय, घरातलाच आहे. घरातल्याचं काय विचारायचं?"

पेटीवाले, जरा थांबा. हे वाक्य लोकांच्या कानात बसू दे. घरातल्याचं काय विचारायचं!

उजवी कळी खोक्यातल्याची, डावी फुकटच्याची. गाऱ्हाणं झालं. उजवी पडली. आता देवी खोटी का? नाही! तिला दोघांतला एक विचारला, तिने दोघांतला एक दिला. तिसऱ्याचं नाव तिच्या कानावर घातलं कोणी?

शुक्रवारी खोकं घरी आलं. शनिवारी तात्यांनी खोक्यातली तबकडी संगणकात घातली, चष्मा पुसला आणि एकेक ओळ वाचत पुढे गेले. मध्येच नव्या राखणदाराने विचारलं, इथे आधीचा एक राखणदार आहे, त्याला बंद करू का? तात्यांनी हो म्हटलं. कौल झालेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली — तुमचा संगणक सुरक्षित आहे. तात्यांनी त्या खुणेपुढे उदबत्ती लावली. सुभद्राकाकी तेव्हा विहिरीवर होत्या. विहिरीवरच असायच्या त्या. पूर्वी दोन हंडे आणायला अर्धी घटका लागायची, आता दोन तास.

आठवडाभर तात्यांनी सात हजार सहाशे सोळा आकडे वाचून काढले. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळी काम पुरं झालं. आता शनिवारी काय करायचं ते ठरलेलं. फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, तालुक्याला जाऊन कागदावर छापायची, आणि अक्षताला प्रत पाठवायची.

शनिवार. वीस तारीख. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तात्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल त्याच्यावर घेतली. राखणदाराने लगेच तपासणी सुरू केली. बाहेरची वस्तू जोडली की तपासायचं, त्याचं ते कामच. आणि दहा सत्तेचाळीसला पडदा लाल झाला!

अक्षताने कोपऱ्यात ते बटण केलं होतं ना — दाबलं की रेघ काढणारं? त्या बटणामागे चार ओळींच्या आज्ञा होत्या. चोरांच्या फायलींतही अशाच आज्ञा असतात. राखणदाराला बटणातून रेघ दिसत नाही, पाणी दिसत नाही. त्याने विचारलं, ह्या फाइलचा मला संशय येतो. ठेवू की काढून टाकू? आणि खाली दोन चौकोन. ठेव. काढ.

किती सोपा प्रश्न! पहिलीतलं पोर सांगेल! पण तात्यांनी बोट मागे घेतलं. चुकून ठेव म्हटलं आणि आत खरंच व्हायरस असला तर? शेजारच्या पंचायतीसारखं सगळंच गेलं तर? काढ म्हणावं, तर परवा सुनावणी. बावीस वर्षांत ज्या माणसाने एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, त्याला ह्या दोन चौकोनांतलं आपलं दार कळेना. तात्या उठले. पायांत चपला घातल्या.

सुभद्राकाकी तेव्हाच हंडा घेऊन पायरी चढत होत्या. त्यांनी विचारलं, निघालात कुठे घाईने?

"देवळात. संगणक विचारतोय, फाइल ठेवायची की काढायची."

"फाइल कोणाची आहे?"

"माझी."

"कोणी लिहिलीये?"

"मीच."

"मग?"

तात्या म्हणाले, "तसं नसतं ते." आणि टेकडी चढू लागले.

मंडळी, मी इथे दर वेळी थांबतो. मला पुढे जावंसं वाटत नाही. तात्या टेकडीवर चढतायत, उन्हात, बासष्ट वर्षांचा माणूस, आणि खाली, रिकाम्या खोलीत, लाल पडद्यावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे. ती तात्यांनी वाचलेली नाही. दहा मिनिटांत उत्तर न मिळाल्यास सर्व प्रती काढून टाकण्यात येतील.

टेकडी वीस मिनिटांची!

देवळात बाबी गुरवाने कळ्या लावल्या. ठेवायची असेल तर उजवी, काढायची असेल तर डावी. गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच उजवी कळी पडली. बाबी म्हणाला, इतक्या लवकर देवी कधी बोलली नव्हती. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेव! देवी म्हणाली, ठेव! ते उतार धावत उतरले. बावीस वर्षं नऊ वाड्या तुडवलेले पाय, ते त्या दिवशी शेवटचे धावले.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पडदा लाल नव्हता. कोपऱ्यात हिरवी खूण होती. तुमचा संगणक सुरक्षित आहे. दोन धोके काढून टाकले.

दोन. एक संगणकातली फाइल, दुसरी पेन ड्राइव्हवरची.

तात्यांनी अक्षताला फोन लावला. तिने पुण्याहून इंटरनेटने संगणकाला जोडून घेऊन दोन तास खटपट केली, संगणकाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. राखणदाराने काम चोख केलं होतं, काही मागे ठेवलं नव्हतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "काका, घाबरू नका. वह्या आहेत ना?"

तात्यांनी फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून ती दोनदा हॅलो म्हणाली. मग तिलाही कळलं.

एक गोष्ट मात्र मिळाली. तिच्या जुन्या ईमेलात तिने सुरुवातीला पाठवलेला तक्ता होता. चौदा विहिरींची नावं. पौर्णिमा, अमावस्या, पौर्णिमा, अमावस्या. आणि सगळे चौकोन रिकामे!

सोमवारी बावीस तारखेला गाव सुनावणीला निघालं. दोन टेम्पो भरून, एकतीस पुरुष. बायका? बायकांना टेम्पोत जागा नव्हती. आणि त्या आल्या असत्या तर पाणी कोणी भरलं असतं?

हसू नका. मी विनोद केलेला नाही.

प्रांतसाहेब माणूस वाईट नव्हता. खाणवाल्यांच्या वकिलाने तक्ता हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाला, साहेब, हा तर कोरा आहे. साहेबांनी तात्यांना बसायला खुर्ची दिली, घडलेलं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्हाला आठवत असतील ते आकडे सांगा, मी लिहून घेतो.

आठवत होते! तात्यांना कितीतरी आठवत होते. बोरवाडीची विहीर, खाणीच्या आधीचा वैशाख, अकरा फूट. ओठापर्यंत आलं. पण ते म्हणाले, "साहेब, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. वहीत बघितल्याशिवाय मी कधी आकडा सांगितलेला नाही."

हा कसला प्रामाणिकपणा, मंडळी? ह्याला पुण्य म्हणू की पाप? मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेबांनी मग गावाकडे पाहिलं. म्हणाले, ठीक आहे, तोंडी सांगा. तुम्ही त्या विहिरींचं पाणी पिता. खाण यायच्या आधी उन्हाळ्यात पाणी किती खाली असायचं, आज किती आहे? एकाने सांगितलं तरी मी नोंदवतो.

एकतीस माणसं! एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पाणी रोज पितात, पण कितीवरून येतं ते कोणाला ठाऊक? हंडा तर भरलेलाच दिसतो! शेवटी सरपंच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पुढची तारीख द्या. आम्ही देवीला विचारून सांगतो."

साहेबांनी पेन उचललं. हरकत पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.

तात्या साडेचारच्या सुमारास गावात परतले. घरी न जाता ते विहिरीवर गेले. का गेले ते त्यांनाही सांगता येत नाही. सुभद्राकाकी कठड्याशी बसून दोराला नवा तुकडा जोडत होत्या. गाठ दातांनी आवळत होत्या. तात्यांनी झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. काकींनी गाठ पुरी केली आणि दोर त्यांच्यासमोर पसरला.

"हा मूळचा, काथ्याचा. सात हात. खाण नव्हती तेव्हा एवढाच पुरायचा. हा निळा, दोन हात, सुरुंग सुरू झाले त्याच्या पुढच्या वैशाखात जोडला. हा पिवळा, धाकट्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं त्या साली. हा तुमच्या जुन्या टपालाच्या पिशवीचा पट्टा, तुम्ही निवृत्त झालात ते साल." असं करत करत त्या शेवटच्या गाठीशी आल्या. "हा सातवा तुकडा. आजचा. एकूण एकोणीस हात. प्रत्येक गाठ कोणत्या महिन्यात मारली ते मला पाठ आहे. प्रत्येक वाडीत प्रत्येक बाईला आपल्या दोराचं पाठ आहे."

तात्यांनी वाकून पहिली गाठ चाचपली.

काकी म्हणाल्या, "साहेबांच्या टेबलावर नेऊन टाकला असता मी. तुम्ही देवीला विचारलंत. दुकानदाराला विचारलंत. मला कोणी विचारलं नाही."

पहिली वही सुरू व्हायच्या आधी एका बाईने एका पोस्टमनला दोर दाखवला होता. आठवतं? एवढा जास्त लागतो! तिने उत्तर दिलं होतं. त्याला ते उत्तर वाटलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे थोडंच आहे. निकालावर अपील करायला तीस दिवस होते. दोर घेऊन काकी यायला तयार होत्या, आणखी नऊ बाया आपापले दोर घेऊन निघायला तयार होत्या. पण हरकत होती पंचायतीच्या नावाने, तेव्हा अपीलही पंचायतीनेच करायचं. पंचायतीने काय केलं? देवीला विचारायचं ठरवलं! बाबी गुरवाने कळ्या लावल्या. एकही पडली नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावल्या. नाही पडली. तिसऱ्या आठवड्यात तात्या स्वतः गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. कळ्या सुकल्या, काळ्या पडल्या, पण देवीच्या अंगावरून हलल्या नाहीत. लोक म्हणतात, देवी कोपली. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तिने जे सांगायचं ते एकदा गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत सांगून टाकलं होतं. आता ती तरी काय सांगणार?

तीस दिवस संपले. भोंगा रोज एक वाजता होतो. पुढच्या माघात सुभद्राकाकींचा दोर पंचवीस हातांचा झाला आणि घागर चिखल घेऊन वर आली. आता बुधवारी आणि शनिवारी टँकर येतो. दोर गोठ्यात खुंटीला आहे. आणि तात्यांच्या खोलीत संगणक आहे. तो ते रोज सकाळी सुरू करतात, समोर बसतात, काही लिहीत नाहीत. कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे!

खरंच आहे ते. त्याच्यात आता काही नाही.

तर मंडळी, माझा प्रश्न. राखणदार नेमला म्हणजे राखण झाली का? त्या खोक्यातल्या राखणदाराला मी दोष देत नाही, त्याला परकी वस्तू दिसली, त्याने विचारलं. देवीला दोष देत नाही, तिने दोन्ही वेळा जेवढं विचारलं तेवढं सांगितलं. मी विचारतो तुम्हाला. तुमचं स्वतःचं, तुमच्या हातचं, जे तुम्ही ओळखायलाच हवं — ते ठेवू की काढू, असं कोणी विचारलं तर दहा मिनिटांत तुम्ही सांगाल का? की चपला घालाल?

तुमच्या सड्यावर गेल्या महिन्यात दोन माणसं आली होती. कातळावर लाल रंगाने आकडे घालून गेली. पाहिलेत ना तुम्ही? मी इथे येताना पाहिले, तुम्ही तर रोज पाहता. मग काय केलंत? काय सांगता... कौल लावलात? देवी काय म्हणाली? अजून लावायचाय? बरं.

हे आख्यान मी ह्या दोन वर्षांत चौदा गावांत सांगितलं. प्रत्येक गावात शेवटी हेच सांगितलं — घरी जा, दोर ओढणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल ते तारखेसह लिहा, आणि त्याच्या चार प्रती चार घरांत ठेवा. चौदा गावांनी माना हलवल्या. एकाही गावातून मला निरोप आला नाही, की महाराज, आम्ही विचारलं. तुम्ही पंधरावे. मी आशा धरून आलेलो नाही. बोलावलंत म्हणून आलो, आणि सांगायचं काम माझं म्हणून सांगितलं.

आता तबक येऊ द्या, आरती करू. आज आरतीनंतर गाऱ्हाणं घालू नका, नुसते हात जोडा आणि निघा. उकाडा आहे, पाणी पिऊन जा. मंडपाच्या दाराशी दोन हंडे भरून ठेवलेत. ते ज्या बाईने भरलेत ती तिथेच मागे उभी आहे, मघापासून, बसायला जागा नाही म्हणून. पाणी किती हात खालून आलं, ते तिला विचारा. आणि मग प्या.